सरसाचा सांधा

दुकानात येणारा माणूस आधी भिंतीवर टांगलेल्या वाद्यांकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग विचारतो, "मिस्त्री कुठं गेलेत?"

मी म्हणते, "मीच बघते, दाखवा."

तो वाद्य पिशवीतून बाहेर काढत नाही. "न्हाई, असू द्या. मिस्त्री आल्यावर येतो."

पूर्वी अशा वेळी मी गप्प बसायचे. आता पिशवीकडे बघूनच सांगते की गळ्यापाशी सांधा सुटला आहे, कारण पिशवी मध्येच वाकलेली दिसते. मग तो माणूस बसतो.

आमचं दुकान अंबाजोगाईत, बाजारामागच्या एका बोळात आहे. ते दस्तगीरचाचांचं. चाचा तरुणपणी मिरजेला तंबोरे करायला शिकले आणि इकडे येऊन चाळीसेक वर्षं दुरुस्तीच करत राहिले, कारण आमच्या भागात नवं वाद्य घेणारे कमी आणि मोडकं सांभाळणारे जास्त. मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत व्हायोलिनचा तास होता आणि त्या तासाला बोलावं लागत नसे, एवढ्याच कारणासाठी मी व्हायोलिन निवडलं. बारावीनंतरच्या सुट्टीत त्याची कडेची शिवण, म्हणजे लाकडाचा जोड, उघडली. ते घेऊन मी चाचांकडे गेले, तर चाचा म्हणाले, "बेटा, जरा धर इथं." ते मी अजून धरून बसले आहे. मी फार्मसीला जावं अशी वडिलांची इच्छा होती. हल्ली ते ओळखीच्यांना सांगतात, "पोरगी वाद्यांवर रिसर्च करते."

वाद्य दुरुस्त करणं म्हणजे सुतारकाम, असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. तंबोरा म्हणजे खाली वाळवलेला भोपळा, त्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली, वर पोकळ दांडी, आणि दांडी व भोपळा जोडणारा लाकडी गळा. चार तारा हे सगळं रात्रंदिवस ओढत असतात. या ओढीसमोर सांधे धरून ठेवतो तो चिकटवायचा पदार्थ. म्हणून आमच्या कामात सगळ्यात आधी ठरवायचं असतं की कुठल्या सांध्याला काय लावायचं.

जुन्या कारागिरांचा पदार्थ म्हणजे सरस. जनावरांच्या कातड्यातून काढलेला, पिवळसर दाण्यांच्या रूपात मिळणारा. तो गार पाण्यात भिजत घालायचा. फुगला की छोट्या भांड्यात घेऊन ते भांडं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवायचं. उकळू द्यायचा नाही, उकळला की मेला. बोट बुडवता येईल पण ठेवता येणार नाही, इतकाच गरम. वास येतो, शेजारी तक्रार करतात. लावल्यावर दहा श्वासांत सांधा बसवावा लागतो, नाहीतर गोठतो. आणि इतकं करूनही त्याला ओल आणि ऊब मिळाली, किंवा हवा फारच सुकली, की तो सुटतो.

डब्यातला पांढरा गोंद सोयीचा. तो घाई करत नाही, वास मारत नाही. पण तार ओढत राहते आणि उन्हाळ्यात तो हळूहळू सरकतो. आज सरळ असलेली दांडी वर्षभरात किंचित पुढे झुकलेली दिसते. तिसरा म्हणजे दोन नळ्यांतला गोंद, एकात एक मिसळून लावायचा. तो दगडासारखा होतो. तो सरकत नाही आणि सुटतही नाही.

लोक स्वतःच्या अकलेनं आणखी काय काय लावून आणतात. मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवरचा एक मुलगा गिटार घेऊन आला होता. तिची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, त्यानं चांभाराकडच्या सोल्युशननं चिकटवली होती आणि ती उडून त्याच्या भुवईला लागली होती. "चपलेला टिकतं, मग गिटारला का टिकू नये?" असं त्यानं मला विचारलं. आतून चाचा म्हणाले, "डॉक्टर, चपलेला तारा लावून बघा की एकदा."

एका सहकारी साखर कारखान्याचे संचालक नवीकोरी सतार घेऊन आले होते. मी विचारलं, "वाजवणार कोण?"

"वाजवायची न्हाई ओ ताई, भिंतीला चिकटवायची हाय. हॉलमदी."

"खिळ्याला अडकवा की."

"खिळा दिसतोय. फोटोत बरं वाटत न्हाई."

त्या सतारीला मी दोन नळ्यांचा गोंद सुचवला. ती पडली नाही म्हणतात. संचालक पुढच्या निवडणुकीत पडले.

आता ज्या तंबोऱ्याबद्दल लिहायला बसले, त्याच्याकडे येते. आधी दोन गमती सांगितल्या, कारण तिकडे जाणं मी टाळत होते.

कपिलधारच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या दूध संस्थेचे सचिव शिवलिंगआप्पा. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, कट्टर शाकाहारी लिंगायत. ते दुधाच्या कॅनवर बोटानं टिचकी मारून आत किती दूध आहे ते सांगायचे आणि मापात फार तर पेलाभर चुकायचे. असा कान असलेला माणूस तंबोरा चांगला लावणारच. त्यांचा तंबोरा चाचांनीच तरुणपणी जोडलेला होता. रोज सकाळी देवघरात तो वाजे आणि कपिलधारच्या यात्रेत भजनालाही जाई.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावात आठवड्यातून एकदा टँकर यायचा. दुकानात सरस भिजवायला लागणारं वाटीभर पाणी मी घरून बाटलीत आणायचे. हवा इतकी सुकी होती की दुकानातल्या वाद्यांमधून अधूनमधून "टक्" असा आवाज यायचा. लाकूड आकसत होतं. महाशिवरात्रीनंतर आप्पा तंबोरा घेऊन आले, तेव्हा त्याचा गळा भोपळ्यापासून सुटला होता. बोटाचं नख जाईल एवढी फट.

चाचांनी बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, जोडून देतो, पर परत सुटंल. हवाच तशी हाय. माझं ऐका, तारा उतरवून ठिवा. पाऊस पडला की बसवू."

आप्पांनी मान हलवली. "तसं न्हाई जमायचं, चाचा. मग ही पाणी कशी मागंल?"

आम्हाला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं.

काकूंना, म्हणजे आप्पांच्या पत्नीला, वर्षापूर्वी झटका आला होता. अंबाजोगाईच्याच दवाखान्यात महिनाभर होत्या. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द मात्र निघत नसे. घरी नेल्यावर एका सकाळी आप्पा नेहमीसारखे तंबोरा घेऊन बसले, आणि मागून कॉटवरून सूर आला. काकू आयुष्यभर बायकांच्या भजनात गायच्या. त्या सुरात हळूहळू शब्द यायला लागले. नुसतं बोलताना "पा" सुद्धा निघायचा नाही, पण तंबोरा वाजत असला की "पाणी दे" सुरात यायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, वाजवत जा. तेव्हापासून आप्पा दिवसातून पाच-सहा वेळा तंबोरा घेऊन तिच्याजवळ बसायचे. तेवढ्या वेळात तिला जे म्हणायचं असेल ते ती म्हणून घ्यायची.

चाचांनी सरस तापत ठेवला.

तीन आठवड्यांत सांधा पुन्हा सुटला. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, म्हणून या वेळी मीच जोडला. संस्थेनं गावाबाहेर जनावरांची छावणी काढली होती आणि चारावाटप आप्पांकडे होतं. त्यांना परत यायला जमेना. जीप आणि एसटी बदलत मीच तंबोरा घेऊन त्यांच्या गावी गेले. एरवी मी कुणाच्या घरी सहसा जात नाही.

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड उघडलं. "त... त..." एवढंच आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. ते मला ओळखीचं वाटलं. वर्गात उत्तर येत असूनही, उभं केल्यावर माझं असंच व्हायचं.

आप्पांनी तारा लावल्या आणि छेडायला सुरुवात केली. काकूंनी डावा तळवा भोपळ्यावर ठेवला. जरा वेळानं सूर आला. चिरका नाही, जाड, गावाकडच्या गाणाऱ्या बाईचा. आणि त्या सुरातच, लांबवत, "च-हा ठे-व."

"ठेवतो की," आप्पा म्हणाले. "पावनी आलीय, दिसतंय मला."

"सा-खर घा-ल."

"घालतो गं. एकडाव इसरलो तर सारखं ऐकवायलीस."

काकूंनी माझ्याकडे निरखून बघितलं. सूर थोडा खाली उतरला. "बा-रीक हा-य पो-र."

"ऐकलं का?" आप्पा मला म्हणाले. "आमी बी जाड न्हाई म्हनावं, दुष्काळ हाय."

काकू हसल्या. चेहऱ्याची एकच बाजू हसली. मी अर्धा तास तिथे होते. त्या वेळात त्यांनी पाणी मागितलं, शेजारणीची पोर बाळंत झाली का ते विचारलं, आणि आप्पांना सदरा बदलायला लावला. तंबोरा थांबला की त्या थांबायच्या. परतताना एसटीत मला पहिल्यांदा वाटलं की आपण हे काम शिकलो ते बरं केलं.

म्हणूनच सांधा तिसऱ्यांदा सुटल्याचा फोन आला तेव्हा मला फार लाज वाटली. पहिला चाचांचा होता, दुसरा माझा. माझाही सुटला.

चाचा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी केजला मुलीकडे गेले होते. दुकानात मी एकटीच होते. आप्पा आले, तंबोरा खाली ठेवला, पण मी दिलेल्या पाण्याला हात लावला नाही.

"माय, एक इचारू का? खरं सांगशील?"

"विचारा."

"छावणीत जनावरं मरायलीत. बाहेरून आलेली म्हातारी जनावरं, वाचत न्हाईत. न्यायला ट्रक येतोय. मी डायवरला इचारलं, ह्ये नेऊन काय करता बाबा? तर म्हनला, कातडं हिकडं जातंय, कातरण सरसाच्या भट्टीला जातंय." ते थांबले. "सरस म्हनला त्यो. तुमी लावता त्योच का ह्यो?"

मला खोटं बोलता आलं असतं. निदान, "तसंच काही नाही, आप्पा," असं तरी म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "हो. तोच."

आप्पांनी तंबोरा स्वतःपासून हातभर लांब सरकवला. मग म्हणाले, "परवा माजी चंद्री गाय गेली. त्याच ट्रकात. पाठ फिरवून हुबा राहिलो मी." आणि मग, "लई वर्सं देवापुढं वाजवला की गं मी ह्यो."

 

"दुसरं काय लावता येतं का? जनावराचं नसलेलं?"

"येतं."

"मग ते लाव. समदा जुना खरवडून काढ. आन माय, जमलं तर असं लाव की परत यायला लागू नये. मी हिकडं आलो की ती दोन दिस मुकी ऱ्हाती."

आप्पांनी जनावराचं नको म्हटलं होतं. कुठलं लाव, ते सांगितलं नव्हतं. पांढरा गोंद लावता आला असता. तो उन्हाळ्यात सरकला असता, दांडी थोडी झुकली असती, आवाज बिघडला असता आणि पुन्हा जोडावा लागला असता. पण तंबोरा राहिला असता. मी दोन नळ्यांचा निवडला. त्यात आप्पांचे हेलपाटे वाचवायची इच्छा होती, हे खरं. पण माझा सांधा पुन्हा सुटलेला मला बघायचा नव्हता, हे त्याहून जास्त खरं. चाचांना फोन करून विचारता आलं असतं. केला नाही, कारण ते नको म्हणाले असते.

काम सुंदर झालं. ऊन पाण्याच्या फडक्यानं जुना सरस मऊ करून मी कण न् कण काढला. भोपळ्याचं तोंड घासून सपाट केलं. मिश्रण नीट मोजलं, दाबून बांधलं, पूर्ण दिवस वाळू दिलं. तारा चढवल्या तर आवाज आधीपेक्षा मोकळा. आप्पांनी सांध्यावरून बोट फिरवलं, त्यांना तो लागलाच नाही. "झाक झालं," ते म्हणाले. "आता सुटत न्हाई ह्यो."

वैशाखात एका दुपारी त्यांचा फोन आला.

"माय, फुटला गं."

"सांधा सुटला का?"

"सांधा न्हाई सुटला. सांधा हाय तसाच हाय. भोपळा फुटला."

हे का झालं ते सांगते, कारण एवढंच कळायला मला तो तंबोरा खर्ची घालावा लागला. सुक्या हवेत भोपळा आकसतो. तारा ओढतच असतात. कुणीतरी माघार घ्यायची असते. सरस होता तोवर माघार सरस घ्यायचा. फट पडायची, ओढ सैल व्हायची, भोपळा वाचायचा. सांधा सुटणं हा सरसाचा दोष नसून ते त्याचं काम होतं. मी तिथे असा गोंद लावला की जो माघार घेणारच नव्हता. मग इतक्या वर्षांच्या वाळलेल्या भोपळ्यानं घेतली. त्याचं काठाकडचं कडं माझ्या सांध्याला चिकटून तसंच राहिलं होतं आणि खालच्या बाजूचे तीन मोठे तुकडे आणि पिशवीभर चुरा आप्पांनी धोतराच्या फडक्यात बांधून आणला होता.

चाचा ऑपरेशन होऊन परतले होते. नव्या डोळ्यांनी त्यांनी सांधा बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला.

"बांधणी लई झाक केलीस," ते म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. आप्पा बाहेर पायरीवर बसले होते. मी हळू आवाजात चाचांना सगळं सांगितलं. आप्पांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते.

"त्यांच्या घरचं पाणी चाळीस वर्सं पितोय मी," चाचा म्हणाले. "त्यांनी कदी इचारलं न्हाई, मी कदी सांगितलं न्हाई. तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. मला जमलं नसतं." मग तुकडे फडक्यात परत बांधत ते म्हणाले, "पर अर्धंच सांगितलंस बेटा. सरस कशाचा करतात ते सांगितलंस. सरसच कशापायी लावतात ते सांगितलं न्हाईस."

ते खरं होतं. आप्पांसमोर मी एका शब्दात उत्तर देऊन मोकळी झाले होते. लहानपणापासून मी तसंच करत आले आहे. विचारलं तेवढं सांगायचं आणि खाली बसायचं. दोन वाक्यं जास्त बोलले असते तर निर्णय आप्पांचा झाला असता. मी तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि त्यांना ते कळूही दिलं नाही.

त्या दिवशी चाचांनी आप्पांना आत बोलावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ही सांगती."

मी सांगितलं. अडखळत, पण शेवटपर्यंत. सरस का सुटतो, सुटतो म्हणून काय वाचतं, मी काय लावलं, का लावलं. लाज वाटत होती म्हणून, हेसुद्धा.

आप्पांनी ऐकून घेतलं. "आता?" ते म्हणाले.

"आता नवा भोपळा बसवावा लागेल. आवाज तोच येईल असं नाही. आणि सांध्याला..." मी थांबले.

"सरसच लाव," आप्पा म्हणाले. "देवाला काय सांगायचं ते मी सांगीन. देवघरात न्हाई वाजवायचो. तिच्यापाशीच वाजवीन."

हे त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं. पण उठताना त्यांचा हात गळ्यातल्या लिंगावर होता.

भोपळा मिळायला वेळ लागला. दुष्काळात वेलही जळाले होते. भोपळ्याच्या बागा करणाऱ्यांकडे त्या वर्षी माल नव्हता. शेवटी मिरजेच्या एका जुन्या ओळखीच्या कारागिराकडे ठेवणीतला एक निघाला, आधीच्यापेक्षा दोन बोटं लहान. माझा सांधा सोडवायला मला दोन दिवस लागले. तो सुटेना. करवतीनं कापावा लागला.

मधल्या काळात मी आप्पांच्या मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप घालून दिलं होतं. चार तारांचा आवाज हुबेहूब. आप्पांनी फोनवर सांगितलं, "लावला की ती तोंड फिरवती. एकडाव तर हातानं ढकलून दिला." ते स्वतः आवाज लावून बघत होते. त्यांच्या आवाजात काकूंचा सूर मिसळत नव्हता. त्या काहीतरी मागायच्या, तोंड उघडायच्या, आणि आप्पा एकेक वस्तू उचलून दाखवत बसायचे. पाणी? पंखा? पांघरूण? कधी कधी दहाव्या वस्तूला मान हलायची. कधी त्या आधीच डोळे मिटून घ्यायच्या.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर चाचा आणि मी तंबोरा तयार केला. सरसाचाच सांधा. तबली तीच, दांडी तीच, घोडी तीच, तारा त्याच जाडीच्या. चाचांनी जवारी काढण्यात एक अख्खी सकाळ घालवली, म्हणजे घोडीचा माथा घासून घासून आवाजाला झणत्कार आणला. दुकानात वाजवून बघितला तेव्हा शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकत राहिला.

तो घेऊन मीच गेले. छावणी उठली होती. संस्थेच्या दारात रिकामे कॅन पालथे घातलेले होते. आप्पा ओसरीवर वाट बघत उभे होते, धुतलेला सदरा घालून.

काकू आणखी वाळल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं असं वाटलं, नक्की सांगता येणार नाही. आप्पांनी तंबोरा मांडीवर घेतला, कान लावून खुंट्या पिळल्या आणि छेडायला सुरुवात केली. आवाज चांगला होता. हे मला लिहावंच लागेल. तो भरलेला, गोल आवाज होता, आणि कुठल्याही गवयानं तो तंबोरा आनंदानं घेतला असता.

आप्पांनी काकूंचा डावा हात उचलून भोपळ्यावर ठेवला. तो तिथून घसरून खाली आला. त्यांनी पुन्हा ठेवला.

"गा की गं," ते म्हणाले. "बघ कोन आलंय. चहा ठिवायचा का, इचार मला."

तारा फिरत राहिल्या. दहा मिनिटं झाली असतील, जास्तही. शेजारीण येऊन दारात उभी राहिली आणि परत गेली. आप्पा थांबले नाहीत. त्यांनी तंबोऱ्याचा सूर थोडा खाली उतरवला, पुन्हा वर चढवला, काकूंच्या जुन्या पट्टीच्या आसपास शोधत राहिले.

पुढे दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले की मधल्या काळात आणखी एखादा बारीक झटका येऊन गेला असेल, वाद्याचा काही संबंध नसेल. आप्पांनी मला मुद्दाम फोन करून ते कळवलं. असेलही तसं. मला ते खरं मानायला आवडेल, म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

त्या दिवशी मी जे बघितलं तेवढंच सांगू शकते. काकू आप्पांकडे बघत नव्हत्या, तंबोऱ्याकडेही नाही. त्या दाराकडे बघत होत्या. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, राग नव्हता. कुणीतरी काहीतरी आणायला गेलं आहे आणि येईलच, असा तो चेहरा होता. आप्पांची बोटं तारांवरून फिरत होती, खोली भरून तंबोरा वाजत होता, आणि काकू आपला तंबोरा यायची वाट बघत होत्या.